उलट्या काचांची शाळा

फोटो काढायला कुणाकडं शिकलात, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. माझ्या गुरूला मी कधी पाहिलं नाही आणि त्यांचं नावही मला ठाऊक नाही. ते सोलापुरात फोटो काढायचे आणि मी नळदुर्गात बसून त्यांच्या काचा धुवायचो, एवढंच आमचं नातं. तेही ते गेल्यानंतरचं.

त्या वेळी माझं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. सोलापूरहून हैदराबादेकडं जाणाऱ्या मोटारी जिथं पाणी भरायला थांबायच्या, त्याच्या समोरच. राज्य निजामाचं होतं आणि बाहेर जगात दुसरी मोठी लढाई चालू होती, त्यामुळं काच मिळेनाशी झाली होती. लाकूड होतं, खिळे होते, लोकांचे देव आणि नक्षीदार उर्दू-अरबी अक्षरांचे तुगरे दुकानात येऊन पडले होते, पण त्यांच्यावर बसवायला काच नाही. सोलापूरच्या जुन्या बाजारात एकानं मला सांगितलं की एक फोटोग्राफर वारलाय आणि घरचे त्याच्या काचा, म्हणजे ज्यांच्यावर फोटो आधी उलटा, काळ्याचा पांढरा उठतो त्या, काढून टाकतायत. गरम पाण्यात सोडा टाकून घासलं की वरचा थर निघून जातो आणि खाली स्वच्छ काच मिळते. मी अख्खी ट्रंक उचलली.

हद्दीवरच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं ट्रंक उघडायला लावली. वरचीच काच त्यानं उन्हाकडं धरली आणि घाईनं परत ठेवली. काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची माणसं बघून तो बिचकला होता. ही भुतं कुठं घेऊन चाललात, असं त्यानं विचारलं. धुतली की नुसती काच राहते, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं असेल किंवा पुन्हा ट्रंकेत हात घालायची त्याची इच्छा नसेल, पण त्यानं मला सोडलं.

पहिल्या पंधरा-वीस काचा मी बघितल्यासुद्धा नाहीत. धुतल्या, कापल्या, गणपतीवर आणि लक्ष्मीवर बसवल्या. याचं मला अजून वाईट वाटतं. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि मी सहज एक काच दाराच्या उजेडात धरली. खुर्चीवर बसलेली एक बाई होती. काळं तोंड, पांढरी बुबुळं. मी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिलो, आणि बघता बघता ते तोंड मला सरळ दिसायला लागलं. कुठून उजेड आलाय, नाकाची सावली कुणीकडं पडलीय, हनुवटी किती खाली घेतलीय, सगळं कळायला लागलं. मग दुसरी काच घेतली, तिसरी घेतली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही काच धुतली नाही.

पुढं मला तो नादच लागला. धुण्याआधी प्रत्येक काच बघायची, असा नेम केला; नंतर धुणंच बंद झालं. लोक चौकटीसाठी खेटे घालून कंटाळले. घरात वडील विचारायचे, दुकान चालवतोयस का काचांशी गप्पा मारतोयस. माझा स्वभाव तापट. मी फटकन काहीतरी बोलायचो आणि पुन्हा काचेला डोळा लावायचो.

त्या ट्रंकेनं मला पुष्कळ शिकवलं. म्हाताऱ्या माणसाला उजेड समोरून द्यायचा, म्हणजे सुरकुत्या अंगावर येत नाहीत. हात कुठं ठेवावेत हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात काहीतरी द्यायचं. आणि पाच वर्षांच्या आतलं पोर हलतं, तेव्हा त्याच्यापाठी आईला बसवायचं, आईवर गोधडी टाकायची आणि तिनं गोधडीआडून पोराला घट्ट धरायचं. अशा आठ-दहा काचा होत्या. पोर स्पष्ट, पाठीमागं नक्षीदार गोधडी, आणि नीट बघितलं तर पोराच्या काखेत आईची बोटं. गुरूची ही युक्ती मला फार आवडली होती.

सायकल विकून मी त्याच बाजारातून एक जुना, भात्याचा कॅमेरा आणला आणि गुरूची हुबेहूब नक्कल सुरू केली. तीच खुर्ची, तेच तिपाई टेबल, तशीच मान. नळदुर्गातल्या माणसांना सोलापूरच्या माणसांसारखं बसवायचं, हेच माझ्या डोक्यात. आणि त्यात मी एक घोळ केला. माझ्या काचेतले सगळे बाप्ये घड्याळ उजव्या मनगटाला बांधायचे आणि बायका पदर उजव्या खांद्यावर घ्यायच्या. मला वाटलं, शहरातली रीत. एका पाटलांच्या घरी फोटो काढायला गेलो, तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्यांच्या सुनेला पदर बदलायला लावला. सोलापुरात आता असंच घेतात, असंही ठोकून दिलं. सुनेनं बिचारीनं बदलला, पण तिची आजेसासू फोटो बघून इतकी हसली की तिला ठसका लागला.

चूक शोधून काढली ती शेजारच्या शिंप्यानं. त्याला मी कौतुकानं एक काच दाखवली. त्यानं माणसाच्या तोंडाकडं बघितलंच नाही, कोटाकडं बघितलं. पुरुषाच्या कोटाची काजं डाव्या बाजूला असतात, म्हणाला, तुझे सगळे बाप्ये बायकांचे कोट घालून बसलेत. मी काच उलटी धरत होतो. थराची खरखरीत बाजू आपल्याकडं आली की माणूस आरशातल्यासारखा फिरतो, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. पाटलांचा फोटो मी फुकट पुन्हा काढून दिला. शिंप्यानं ती गोष्ट बाजारभर केली, आणि पुढं कितीतरी दिवस लोक मला रस्त्यात डावा हात कोणता ते विचारायचे.

तरी काचा वाचण्यात मी तरबेज झालो होतो. एकदा किल्ला बघायला आलेले एक सोलापूरचे व्यापारी माझ्या दुकानाशी पाणी प्यायला थांबले. त्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं, तरी म्हणालो, चांदीच्या मुठीची काठी आज आणली नाहीत का. ते गोंधळून बघतच राहिले. त्यांची काच माझ्या ट्रंकेत होती. ही गोष्टही मी कौतुकानं दोन-चार जणांना सांगितली, पण कुणाला खरी वाटली नाही. उलट्या काचेत माणूस ओळखू येतो यावर कोण विश्वास ठेवणार.

सरकारी शाळेत उर्दूचे एक मास्तर होते. स्वतःच्या हातानं लिहिलेले तुगरे ते माझ्याकडून चौकटीत बसवून घ्यायचे. मोजकं बोलणारे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी ते आले आणि चौकट न मागता बाकावर बसले. मग हळूहळू सांगायला लागले. त्यांच्या बायकोला क्षय झाला होता. तीन दिवसांनी तिला दूरच्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं होतं. परत कधी आणायचं, यावर डॉक्टर काही बोलले नव्हते. मुलगी तीन वर्षांची. आपण परत नाही आलो तर पोरीला आपलं तोंड आठवायचं नाही, हे त्या बाईंच्या मनानं घेतलं होतं. त्यांना एक फोटो हवा होता, पोरीजवळ ठेवायला.

घरात कडक पडदा होता. त्या घरात बाईमाणसाचा फोटो कधी निघाला नव्हता. मास्तरांच्या आईनं आधी नाहीच म्हटलं, मग सुनेची तब्येत बघून एका अटीवर हो म्हटलं. परक्या पुरुषानं तोंड बघायचं नाही. मास्तर म्हणाले, आधी तिच्या जागी मला खुर्चीवर बसवून कॅमेरा नीट करा, मग तुम्ही पडद्याआड जा. छापायचं काम मी माझ्या हातानं करेन, ते शिकवा. अटीत सगळं बसत होतं, फक्त फोटो काढणं आणि छापणं यांच्या मधली काच राहत होती. ती औषधात घालून तिच्यावरचं उलटं चित्र उठवायचं काम मलाच करावं लागणार होतं.

"उलट्या काचेत माणूस वळखू येत न्हाय म्हणतात," मास्तर म्हणाले. "तेवढं तुम्ही सांगा. मग अम्मा राजी आहेत."

"न्हाय येत," मी म्हणालो.

मी असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. त्या बाईंची दया आली हे खरं. पण आपण हा फोटो काढावा, आपल्याशिवाय तो कुणाला जमणार नाही, ही घमेंडही होती. दोन्ही एकात एक मिसळलं होतं आणि मला वेगळं करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेलो. लढाईमुळं कोऱ्या काचा मिळत नव्हत्या. माझ्याकडं दोनच उरल्या होत्या. अंगण शेजारच्यांच्या माळवदाच्या गच्चीवरून दिसायचं, म्हणून ओसरीत बसवायचं ठरलं. ओसरीत उजेड मऊ होता पण कमी. तीन मोजेपर्यंत माणसानं हलायचं नाही, असा हिशेब मी मनाशी बांधला. तेवढ्यात मास्तरांच्या आईनं दाराआडून माझ्यासाठी चहा पाठवला आणि आतूनच म्हणाल्या की तुमच्या शब्दावर हे चाललंय, अल्ला तुमचं भलं करो. मी कप खाली ठेवला.

मी मास्तरांना अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेलो.

"मास्तरसाहेब, काल म्या खोटं बोललो. मला उलट्या काचंत तोंड दिसतं. तुमाला सरळ दिसतं तसंच दिसतं."

मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

"हे न सांगता चाललं असतं," ते म्हणाले.

"व्हय."

"मग कशाला सांगितलं?"

एक रस्ता आहे, मी म्हणालो. एरवी काच औषधात घातली की मी लाल दिव्याच्या उजेडात तिच्यावर नजर ठेवायचो, आणि चित्र पुरेसं उठलं की बाहेर काढायचो. गुरूच्या काचांवरून किती गडद हवं, किती फिकं, हे माझ्या डोळ्यांत बसलं होतं. या वेळी तो लाल दिवाही लावायचा नाही. पूर्ण अंधारात, नुसत्या वेळेच्या अंदाजावर काम करायचं. असं मी कधी केलं नव्हतं. बिघडलं तर बिघडलं, मधे बघून सुधारता यायचं नाही. हे सगळं मी त्यांना सरळ सांगून टाकलं. मास्तर आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, ती म्हणते, करा.

मास्तरांना खुर्चीवर बसवून मी कॅमेरा नीट केला, काच घातली, आणि रबरी फुग्याची लांब नळी घेऊन शेजारच्या खोलीत पडद्याआड जाऊन बसलो. फुगा दाबला की कॅमेऱ्याचा डोळा उघडायचा. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर सांगत होते, मान थोडी उजवीकडं, हात मांडीवर. मी जे जे सांगून ठेवलं होतं ते ते. मग ते म्हणाले, हं. मी फुगा दाबून मोजायला लागलो. एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि खोकल्याची उबळ आली. किती तरी वेळ तो खोकला थांबेना. मी फुगा सोडून दिला आणि भिंतीकडं बघत बसलो. एवढ्या खोकणाऱ्या बाईला तीन मोजेपर्यंत थांब म्हणणं बरं नव्हे, असं मला वाटायला लागलं होतं.

त्या आत गेल्यावर मी येऊन दुसरी काच घातली. तेव्हा मास्तरांनी सांगितलं की तिला पोरीला मांडीवर घ्यायचंय. मी लगेच नाही म्हणालो. ही शेवटची काच. तीन वर्षांचं पोर तीन मोजेपर्यंत गप बसत नाही. माझ्या गुरूंनी आयुष्यभरात एवढ्या लहान पोराला असं मोकळं बसवलं नव्हतं; जिथं बसवलं तिथं आईला गोधडीखाली झाकलं होतं. शिवाय डॉक्टरांनी पोरीला आईपासून लांब ठेवायला सांगितलं होतं. तीन-चार महिने ती मांडीवर गेली नव्हती. आता गेली तर नाचेलच. मी जरा चढ्या आवाजात बोललो असेन, कारण पुन्हा पडद्याआड जाऊन बसल्यावर पलीकडून त्या बाईच बोलल्या. त्यांचा आवाज मी तेवढाच एकदा ऐकला. त्या उमरग्याकडच्या, मराठी चांगली बोलायच्या.

"भाऊ, तिला मांडीवर घेते. हालली तर हालू द्या. नुस्ता माझाच फोटो बघून ती काय समजल, की ही बाई आपली कोण?"

पोरीला आणलं. ती हसत होती, आईच्या गळ्यात पडत होती, अम्मी अम्मी करत होती, आजी तिला दटावत होती. मी मनात म्हणालो, गेली ही काच. मास्तर म्हणाले, हं. मी फुगा दाबला. एक, दोन, तीन. पोरीचं हसणं चालूच होतं, पण खोकला ऐकू आला नाही. मी फुगा सोडला, आणि त्यानंतर लगेच उबळ आली, पहिल्यापेक्षा मोठी. पोरीला उचलून नेलं तशी ती रडायला लागली. मी पडद्याआड उगीच नळी गुंडाळत बसलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते कुणी बघायला नको होतं.

दुकानामागच्या खोलीला घोंगड्या लावून मी अंधार केला. दाराबाहेर मास्तर घड्याळ घेऊन उभे राहिले आणि मिनिटं सांगत गेले. आत डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच होतं, तरी मी मिटून घेतले. बोटांना फक्त काचेची कड लागत होती. वेळ झाली तशी काच धुऊन हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करायच्या औषधात, घातली, पुरती मुरू दिली, ताटलीवर जाड फडकं टाकलं आणि ताटली बाहेर मास्तरांच्या हातात दिली. पुढं तासभर पाण्यात ठेवायची, सावलीत वाळवायची, मग उन्हात छापायच्या कागदावर चौकटीत दाबून ठेवायची आणि मधे मधे उचलून बघायची, हे सगळं मी त्यांना दोनदा म्हणून दाखवलं. त्यांनी ते शाळेतल्या मुलासारखं परत म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. एक चौकट मी चक्क बोटभर आखूड कापली. ऊन वर आलं तसं मी रस्त्याकडं बघायला लागलो. दुपारी मास्तर आले. ते दारातच थांबले आणि म्हणाले, आला. जाताना ते एवढं म्हणाले की ती बराच वेळ बघत होती, आणि मी इतकी वाळलेय हे मला कुणी सांगितलं नाही म्हणत होती.

ठरल्या दिवशी त्या बाई मोटारीनं गेल्या. मी दुकानातून लांबूनच बघितलं. काळा बुरखा, मास्तरांचा हात धरून पायरी चढताना दोनदा थांबलेला. पोरीला मोटारीपाशी आणलं नव्हतं. हिवाळा सरायच्या आत खबर आली. त्यांना तिकडंच पुरलं.

मी पुढं पुष्कळ फोटो काढले. ट्रंकेतल्या काचा अधूनमधून बघायचो, पण गुरूंसारखंच बसवायचं हा हट्ट गेला. एखाद्या गिऱ्हाइकाला पोर मांडीवर घ्यावंसं वाटलं तर घ्या म्हणायचो, हललं तर हललं. सगळेच फोटो चांगले यायचे असं नाही. काही लोक भांडायचे, मीही भांडायचो.

वर्ष-दीड वर्ष गेल्यावर मास्तर पोरीला घेऊन दुकानात आले. त्या फोटोला चौकट हवी होती. मला बघावं लागू नये म्हणून त्यांनी दोऱ्यानं माप आणलं होतं. पण पोरगी फोटो घरी ठेवायला तयार नव्हती, तो तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मी चौकट करायला घेतली आणि मास्तर शिंप्याकडं शेरवानीचं काहीतरी विचारायला गेले. मी करवतीवरची नजर हलवत नव्हतो.

"तुमने निकाला?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. आणि मी तो बघितलेला नाही, असंही म्हणालो. तिला हे अजब वाटलं. काढणाऱ्यानं बघितला नाही, असं कसं असेल. मग तिला माझी दया आली असावी, कारण ती मला सांगायला लागली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर फोटो तिनं स्वतःकडंच तोंड करून धरला होता, माझ्याकडं पुठ्ठ्याची पाठ होती, आणि वरून तिचं एक बोट फोटोवर फिरत होतं. ही खुर्ची. ह्या अम्मीच्या बांगड्या. हा अम्मीचा हात, हे नाक, नाकात ही चमकी. अम्मी इकडं, माझ्याकडं बघतेय. बोट खाली आलं आणि थांबलं.

"ये मैं," ती म्हणाली. मग जरा लाजून म्हणाली, "मैं हल गई."

लहान पोरं हलतातच, त्यात काही नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिचं म्हणणं मला कळलंच नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं.

"अम्मी नै हली," ती म्हणाली.